रविवारचं दप्तर

अस्मिताला एका जागी बसता येत नाही, ही तिच्या सासूबाईंची जुनी तक्रार. चहासुद्धा ती ओट्याला टेकून, उभ्यानेच पिते. टीव्हीवर काही बघायचं झालं तर मांडीवर कपड्यांचा ढीग लागतो, घड्या घालता घालता बघते. लग्नाला दहा वर्षं होत आली तरी ती खडकीला गेली, की मथुराबाई पाट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बस गं, पाटाला काटे नाहीत." अस्मिता बसते आणि लगेच कोणासाठी तरी पाणी आणायला उठते.

तिचं कामही तसंच, पायाला भिंगरी लावणारं. सदाशिव पेठेतल्या एका लॅबसाठी ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. उजाडता उजाडता विश्रांतवाडीहून स्कूटर काढायची आणि उपाशीपोटी ताटकळलेल्या म्हाताऱ्यांचे जिने चढायला लागायचं. जिने उतरेपर्यंत पुढच्या म्हाताऱ्याचा फोन येतो, "निघालात का? का मी चहा घेऊन टाकू?"

जानेवारीतल्या त्या रविवारी मात्र ती उठली नाही. उठायचं सुचलंच नाही.

रविवारी दुपारचं जेवण खडकीला, हा घरचा रिवाज. सकाळी विहारात वंदना करून ज्ञानदेव, म्हणजे तिचे सासरे, मटण घेऊन येतात आणि दुपारी सगळ्यांना बसवून स्वतः वाढतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी उभं आयुष्य तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून जवळच दोन खोल्या घेतल्या, कारण कारखान्याचा भोंगा ऐकू आला नाही तर त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. त्या दिवशी सगळ्यांना वाढून झाल्यावर ते स्वतः बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "मैत्रीच्या शाळेची फी माझ्याकडे. पहिलीपासून दहावीपर्यंत."

मैत्री, अस्मिताची मुलगी, अजून बालवर्गात होती. जूनमध्ये पहिलीत जाणार होती. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची मराठी शाळा, तीच पुढे चालू राहणार, असं अस्मिता आणि तिचा नवरा संजय यांनी धरलेलं होतं. आप्पा आळंदी रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेबद्दल बोलत होते. निळ्या काचांची, मोठ्या मैदानाची. ते बस पकडून एकटे जाऊन तिच्या कुंपणाबाहेर उभे राहून आले होते, हे कोणाला माहीतच नव्हतं.

"बघू, आप्पा," अस्मिता म्हणाली.

"बघायचं काय त्यात? मी बघून आलोय." मग त्यांनी जेवायला सुरुवात केली आणि खाली बघतच म्हणाले, "माझा बाप वर्गाच्या बाहेर, ओट्यावर बसून अक्षरं शिकला. नात गेटमधून ताठ आत जाईल. मला दुसरं काही नको. फक्त दर रविवारी दप्तर घेऊन यायचं."

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. संजयच्या ताटात भात तसाच होता, पण तो उठला आणि मोरीत जाऊन हात धुऊ लागला. बराच वेळ धूत होता.

दप्तर म्हणजे काय, ते अस्मिताला सासरी आल्यापासून ऐकून माहीत होतं. कारखान्यात आत जाताना गेटवर सगळ्यांची तलाशी व्हायची. विडी, काडेपेटी, किल्ली, नाणं, बुटाचा खिळासुद्धा आत चालायचा नाही. दोन्ही हात पसरून, पाय फाकवून उभं राहायचं, शिपाई चाचपून बघणार, मग आत. बाहेर येतानाही तेच. आप्पांनी ती शिस्त घरी आणली होती. रविवारी ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि संजयचं दप्तर त्यावर पालथं करायचे. प्रत्येक वस्तू उचलून बघायची, पुन्हा जागच्या जागी ठेवायची. रागाने नाही, अगदी शांतपणे. पाहुण्यांसमोर आप्पा हे कौतुकाने सांगत आणि पाहुणे म्हणत, बाप असावा तर असा.

मैत्रीचंही दप्तर ते अधूनमधून बघायचे. त्यात असायचं काय, तर एक डबा, रंगीत खडू आणि रुमाल. तिला तो खेळ वाटायचा.

संध्याकाळी तिघं स्कूटरवरून घरी निघाली. मैत्री पुढे उभी, संजय मागे. होळकर पुलावर वाहतूक थांबली होती. अस्मिताने मान वळवून विचारलं, "काय करायचं?"

"तू ठरव," संजय म्हणाला.

हे दोन शब्द तिने त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकले, की तिला त्यांचाच राग यायला लागला. संजय भोसरीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. कुठला नट कुठल्या खणात, ते डोळे मिटून सांगेल. घरातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत विचारा, तो आधी तुमच्याकडे बघणार, तुम्हाला काय हवंय याचा अंदाज घेणार आणि तेच बोलणार. यावेळी त्याला तिचा अंदाज येत नव्हता, कारण तिला स्वतःलाच येत नव्हता. शनिवारी शाळेत मुलीला आणि पालकांना भेटायला बोलावलं होतं. आप्पांनी परस्पर वेळ घेऊन टाकली होती. तोपर्यंत हो किंवा नाही म्हणायचं होतं.

हो म्हणायला तिच्याकडे कारणं होती आणि ती खोटी नव्हती. लॅबमध्ये काउंटरची जागा रिकामी झाली होती तेव्हा तिने मागितली होती. बसून करायचं काम, उन्हातान्हात फिरणं नाही. ती जागा मागाहून आलेल्या एका मुलीला मिळाली, कारण ती फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायची. मालक डॉक्टर अस्मिताला समजावत म्हणाले होते, तुमचा हात इतका हलका आहे, तुम्हाला काउंटरवर बसवणं म्हणजे नुकसानच की. ती हसली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिने चढायला लागली होती. मैत्रीने जिने चढू नयेत, एवढं तिला नक्की हवं होतं.

आणि तरीही तोंडून हो निघत नव्हतं. स्वयंपाक करताना ती गॅस बारीक करायची आणि बाल्कनीत जाऊन उभी राहायची. समोरच्या इमारतीत त्या निळ्या शाळेची दोन मुलं होती. त्यांची बस यायची तेव्हा त्यांच्या आया खाली उभ्या असायच्या, त्या आपसात काय बोलत असतील, याचा विचार करत ती भाजी करपवायची. मैत्रीच्या मराठी शाळेतल्या बाई सुटीच्या वेळी हाक मारून सांगायच्या, तुमची पोरगी गोष्ट फार छान सांगते हो. त्या बाई तिथेच राहणार आणि मैत्री जाणार. मग ती गोष्ट कोणाला सांगेल?

बुधवारी ती श्रीनिवास काकांकडे होती. काका आणि नीरजाकाकू पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण बिल कमी यावं म्हणून सोसायटीने ती दुपारपर्यंत बंद ठेवायचं ठरवलंय. सुई टोचताना माणसाशी बोलत राहायचं असतं, म्हणजे त्याचं लक्ष सुईकडे जात नाही. त्या दिवशी बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून अस्मिताने शाळेचं सांगितलं.

काकांनी दंड पुढे केला. "सासरे फी भरतायत आणि विचार तुम्ही करताय. आमच्याकडे विचार सगळे करतात, फी कोणीच भरत नाही. अट काय आहे?"

"अट काही नाही. रविवारी दप्तर घेऊन जायचं, एवढंच."

"मग एवढीच आहे ती अट," काका म्हणाले. "जी माणसं अट सांगून टाकतात ती परवडतात हो. आमच्या मुलाच्या सासऱ्यांनी फ्लॅट दिला, अट काही नाही म्हणाले. गेली बारा वर्षं मुलगा ती अट शोधतोय."

नीरजाकाकू आतून म्हणाल्या, "अहो, तिला काम करू द्या, नाहीतर शीर चुकेल."

शीर चुकली नाही. पण नळीवर नाव लिहिताना अस्मिताने श्रीनिवासच्या जागी संजय लिहिलं. असं तिच्याकडून कधी झालं नव्हतं. तिने ते पट्टीसकट काढून टाकलं, नवी पट्टी लावली आणि जिना उतरताना तिला कळलं, की आपण आठवडाभर चुकीच्या माणसाचा विचार करतोय. शाळेचा नाही, मैत्रीचा नाही, आप्पांचाही नाही. रविवारी भात टाकून हात धुवायला उठलेल्या माणसाला आपण काही विचारलंच नाही.

संजयची एक सवय होती. कामावरून आला, की दारातल्या फळीवर तो खिसे रिकामे करायचा. किल्ल्या, फोन, कंपनीचा पास, रुमाल, सुटे पैसे. खिसे उलटे करून झटकायचा, मगच आत यायचा. लग्नानंतर अस्मिताला ते नीटनेटकेपणाचं लक्षण वाटलं होतं, तिने माहेरी कौतुकही केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती ते बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या दप्तरात काय सापडलं होतं?"

आप्पांच्या तोंडून तिने ती गोष्ट ऐकली होती, सगळ्या नातेवाइकांनी ऐकली होती. आमचा संजय सातवीत विडीच्या नादाला लागला होता, दप्तरात काडेपेटी सापडली, मी वेळेत पकडला, म्हणून आज माणसात आहे. संजय त्यावर नेहमी मान खाली घालून हसायचा. अस्मितालाही वाटायचं, पोरवयात केलं असेल.

मग त्याने सांगितलं. मैत्री आत चित्रं रंगवत होती, म्हणून हळू आवाजात. श्रावणात कॅन्टोन्मेंटच्या मोकळ्या जागेतल्या बाभळींवर सोनकिडे सापडायचे. हिरवेगार, पाठीवर सोन्याची झाक. वर्गातली सगळी मुलं ते काडेपेटीत पाला घालून पाळायची. त्याच्याकडे एक होता, आठवडाभर जगवलेला. त्या रविवारी पेटी दप्तरातून काढायची राहिली. आप्पांनी दप्तर पालथं केलं आणि वर्तमानपत्रावर काडेपेटी पडली. ते ओरडले नाहीत, मारलंही नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पेटी दोन बोटांत धरली, मोरीत नेली, पाण्याच्या बादलीत टाकली आणि वर येऊ नये म्हणून तांब्याने दाबून धरली. त्यानंतर आठवडाभर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

"तू सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाही कोणी." त्याने फळीवरच्या किल्ल्या सरळ केल्या. "त्यानंतर दप्तरात माझं असं काही ठेवलंच नाही. पुस्तकं, डबा, कंपास."

"मग कुठे ठेवायचास?"

"कुठेच नाही."

अस्मिता म्हणाली, मग आपण नाही म्हणू. लगेच फोन करू. पण तो मान हलवायला लागला. "मी नाही म्हटलं तर उद्या मैत्री म्हणेल, बापाने एका किड्यापायी माझी शाळा घालवली. आणि तिचं खरं असेल. ती शाळा चांगली आहे गं. मी पण जाऊन बघून आलो, मंगळवारी."

म्हणजे बापलेक दोघं वेगवेगळे जाऊन एकाच कुंपणाबाहेर उभे राहून आले होते आणि एकमेकांना बोलले नव्हते. अस्मिताला हसावं की काय करावं, कळेना. तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

शनिवारी संजयला सुटी मिळाली नाही, किंवा त्याने मागितली नाही. अस्मिता मैत्रीला घेऊन पोचली तेव्हा आप्पा आणि मथुराबाई शाळेसमोर आधीच उभे होते. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, दाढी इतकी गुळगुळीत, की गालावर एक ओरखडा उमटला होता. मथुराबाई लग्नकार्याची साडी नेसून आल्या होत्या. गाड्यांमधून आईबाप उतरत होते, मुलांच्या केसांवरून हात फिरवत होते.

गेट मोठं होतं, पण उघडं होतं फक्त बाजूचं छोटं दार. तिथे गणवेशातला रखवालदार उभा होता, हातात पाहुण्यांच्या गळ्यात घालायच्या पट्ट्या. आप्पा सगळ्यांत पुढे होते. रखवालदार त्यांच्याकडे वळला, एक पाऊल पुढे आला.

आप्पा थांबले. बाजूला सरकले. पाय फाकवले, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले आणि समोर बघत उभे राहिले.

रखवालदाराला काही कळेना. तो पट्टी हातात धरून तसाच. मागच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याच्या दंडाला स्पर्श करून दाखवलं. आप्पांच्या हे लक्षातच आलं नाही. ते वाट बघत होते, चाचपून होईल आणि आत सोडतील. त्यांच्या शेजारी मैत्री जाऊन उभी राहिली. तिनेही पाय फाकवले, हात पसरले आणि समोर बघायला लागली.

अस्मिताच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर कोण कोण बघतंय, हे. तिने मागे वळून मोजून पाहिलं सुद्धा. त्याची लाज तिला नंतर वाटली, घरी गेल्यावर.

"काका, हे काय? जा ना आत," रखवालदार म्हणाला.

मथुराबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "अहो. शाळा आहे ही."

आप्पांनी हात खाली घेतले. शर्ट सारखा केला. "सवय," ते रखवालदाराला म्हणाले आणि ताठ चालत आत गेले. मैत्रीचे हात अजून पसरलेलेच होते. अस्मिताने तिचे हात खाली केले, दोन्ही आपल्या मुठीत घेतले आणि तिला चालवत नेलं.

आत फार वेळ लागला नाही. एका तरुण बाईंनी मैत्रीला चित्र काढायला दिलं, रंग विचारले. तिने काही इंग्रजीत सांगितले, काही मराठीत. त्या बाई अस्मिताशी इंग्रजीत बोलल्या, अस्मिता मराठीत बोलली, दोघींचं एकमेकींना कळलं. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले होते. जागा आहे, त्या बाई म्हणाल्या. सोमवारी दुपारपर्यंत फी भरली तर पक्की.

बाहेर पडल्यावर आप्पा खुशीत होते. समोरच्या अमृततुल्यमध्ये ते सगळ्यांना घेऊन गेले. बाहेर लाकडी बाक होता. मैत्रीला त्यांनी क्रीमरोल दिला आणि ती तो घेऊन फुटपाथवरच्या मांजराकडे गेली.

"सोमवारी सकाळीच भरून टाकतो," आप्पा म्हणाले.

अस्मिता नेहमीसारखी उभी होती. आता ती बाकावर बसली, त्यांच्यासमोर. मथुराबाईंनी भुवया उचलल्या.

"आप्पा, फी तुम्ही भरा. पण रविवारचं दप्तर नको."

त्यांना वाटलं, तिला दर रविवारी यायचं जड जातंय. म्हणाले, जमत नसेल तर आम्ही येत जाऊ विश्रांतवाडीला, त्यात काय.

"येऊ आम्ही, दर रविवारी येऊ. दप्तर उघडायचं नाही."

"का? चोर आहे का ती?"

"नाही. म्हणूनच."

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. कधीच चढत नसे. त्यांनी तिला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. तलाशी म्हणजे संशय नव्हे. गेटवर त्यांना रोज चाचपायचे, त्यांना कधी राग आला नाही. आत एवढी माणसं, एवढा माल. शेजारच्याची झडती झालीय हे माहीत असायचं, म्हणून तर प्रत्येक जण निवांत काम करायचा. ज्याची काळजी असते त्यालाच तपासतात. "संजयलाच विचार. त्या दिवशी ती काडेपेटी सापडली नसती तर आज तो कुठे असता?"

"त्यात काड्या नव्हत्या, आप्पा. सोनकिडा होता."

"काय?"

"सोनकिडा. बाभळीचा पाला घालून ठेवला होता."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून बस गेली.

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही उघडली नाही."

त्यांनी बायकोकडे मान वळवली. मथुराबाई चहावर फुंकर घालत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बादली मीच ओतली ना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगणार? आठवडाभर तुम्ही बोलत होतात का कोणाशी? मग राहून गेलं. मग तुम्ही ती विडीची गोष्ट सांगायला लागलात, चारचौघांत. तेव्हा मध्येच काय बोलू?"

आप्पांनी ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. मैत्री मांजराला क्रीमरोलचा तुकडा देत होती, मांजर तोंड फिरवत होतं.

"जिवंत होता?" आप्पांनी विचारलं.

"बादलीत घालेपर्यंत असणारच," मथुराबाई म्हणाल्या.

त्यानंतर ते दप्तराबद्दल हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. चहाचे पैसे दिले, म्हणाले, चला, बस येईल. बसमध्ये चढताना त्यांनी मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला, एवढंच.

अस्मिताने संजयला संध्याकाळी सगळं सांगितलं. गेटवरचंही सांगितलं. तो खिसे रिकामे करत होता. आप्पांनी शेवटी काय विचारलं ते ऐकल्यावर त्याचा हात खिशातच राहिला.

"जिवंत होता का, असं म्हणाले?"

"हो."

"मग आई काय म्हणाली?"

तिने सांगितलं. तो अचानक मोठ्याने हसला आणि आत निघून गेला. त्या दिवशी त्याचे सुटे पैसे खिशातच राहिले, दुसऱ्या दिवशी पँटबरोबर धुवायला गेले.

रविवारी ती तिघं खडकीला गेली नाहीत. मैत्रीला सर्दी आहे, असं कळवलं. सर्दी कोणालाच नव्हती. दिवसभर अस्मिता फोन खिशात घेऊन फिरत होती. आप्पा फी भरणार नाहीत, असं तिला सकाळी वाटलं. दुपारी वाटलं, भरतील आणि आयुष्यभर ऐकवतील. संध्याकाळी वाटलं, एका किड्याची एवढी गोष्ट करायला नको होती, सत्तरीच्या माणसाला रस्त्यात बसवून. सोमवारी ती जिन्यांवरही फोन बघत चढत होती. श्रीनिवास काकांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "माझ्या दंडाकडे बघा हो, फोनमध्ये शीर नाहीये."

फोन दुपारी आला, मथुराबाईंचा. "भरली फी. तुझे सासरे म्हणतात, रविवारी येताना दप्तर घरीच ठेवून या. समोर दिसलं की हात शिवशिवतात."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. निळा पिनो फ्रॉक, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर तिच्याच उंचीचं दप्तर. रविवारी मैत्री खडकीला मोकळ्या हाताने जायची. आप्पा सवयीने वर्तमानपत्र पसरायचे, मग त्याकडे बघत बसायचे. तिसऱ्या रविवारी मथुराबाईंनी त्यावर भुईमुगाच्या शेंगा आणून ओतल्या. आता आजोबा आणि नात समोरासमोर बसून शेंगा सोलतात. मैत्री शाळेतलं सांगते, आप्पा टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला लावतात. संजय अलीकडे जेवण झाल्यावर त्यांच्यात जाऊन बसतो. फार बोलत नाहीत. शेंगा संपतात.

अस्मिताची मात्र बसायची सोय गेली ती गेलीच. फोनवरच्या शाळेच्या गटात दिवसभर इंग्रजी सूचना यायच्या. कोणाचा रबर हरवला, कोणाची बाटली बदलली, उद्या पिवळं काही घालून पाठवा. ती सूचना वाचायची, पुन्हा वाचायची, संजयला वाचायला लावायची. दुसऱ्याच्या पैशाची शाळा, काही चुकायला नको. मैत्री घरी आली, की ती दप्तरात हात घालून बघायला लागली. पेन्सिल आहे का. ओळखपत्र कुठे आहे. कोणाची वस्तू चुकून आली तर नाही ना.

एका संध्याकाळी हात घालून भागेना. तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, म्हणजे खडूचा चुरा खाली सांडायला नको, आणि दप्तर त्यावर पालथं केलं. पुस्तकं पडली, डबा पडला, एक मोजा पडला. वह्यांच्या मध्ये कागदी रुमालाची एक पुडी होती, घडीवर घडी घालून घट्ट केलेली. आत काहीतरी कडक होतं. अस्मिताने ती दोन बोटांत धरली. ओला हात पुसलेला कागद असणार, नाहीतर उष्टं काही. केराची टोपली हाताशीच होती.

"मैत्री, हे काय आहे?"

उत्तर आलं नाही म्हणून तिने वर पाहिलं. मैत्री भिंतीला पाठ लावून उभी होती. पाय फाकवलेले, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरलेले, नजर समोर. चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला वाटत होतं, शाळेचं हे असंच असतं.

"हात खाली घे, बाळा."

"तपासून झालं?"

मैत्रीने हात खाली घेतले आणि पुडीकडे बोट दाखवलं. "ते माझं आहे."

अस्मिताचं बोट घडीच्या टोकावर होतं. एक घडी उलगडली असती तर कळलं असतं. तिने पुडी जशी होती तशी वह्यांमध्ये सरकवली, मग पुस्तकं, मग मोजा बाजूला धुवायला, मग सगळ्यांत वर डबा ठेवला.

"डबा आधी असतो," मैत्री म्हणाली.

अस्मिताने पुन्हा सगळं बाहेर काढलं, डबा आधी ठेवला, चेन लावली आणि दप्तर खुंटीला अडकवलं. वर्तमानपत्राची घडी घातली. मैत्री खेळायला खाली गेली.

कणीक भिजवेपर्यंत ती तीनदा त्या खुंटीपर्यंत जाऊन आली. तिन्ही वेळा हात न लावता परत आली, पण हात शिवशिवत होते.